घरबसल्या व्हर्च्युअल असिस्टंट : काम काय असतं, पहिला ग्राहक कुठं मिळतो, पैसे कसे येतात आणि फसवणूक कशी ओळखायची? वाचा सविस्तर

पदवी झाली, एमएस-सीआयटी झालं, टायपिंगचं सर्टिफिकेट कपाटात पडून आहे. तालुक्याच्या ठिकाणी नोकरी नाही आणि पुण्या-मुंबईला जाणं घरच्या अडचणीमुळे जमत नाही. गावोगावच्या अनेक घरांत हीच परिस्थिती आहे. अशात मोबाईलवर मेसेज येतो, "घरबसल्या टायपिंग करा, रोज ३००० रुपये कमवा, फक्त ९९९ रुपये रजिस्ट्रेशन." कोणी ९९९ भरतं, पुढं आणखी ५००० जातात, आणि शेवटी घरात एकच वाक्य ऐकायला मिळतं, "ऑनलाईन काम म्हणजे सगळा फसवाफसवीचा धंदा."

तो मेसेज फसवा असतो, हे खरं. पण घरी बसून दुसऱ्याच्या ऑफिसचं काम कॉम्प्युटरवर सांभाळणं हे कामही तितकंच खरं आहे. त्याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात, थोडक्यात 'व्हीए'. हे काम नेमकं काय, त्यासाठी काय लागतं, सुरुवात कशी करायची आणि कुठं सावध राहायचं, याची ही माहिती.

नेमकं काम काय?

पूर्वी वकिलाकडे कारकून असायचा, डॉक्टरकडे कंपाउंडर नंबर लावायचा, कारखान्याच्या साहेबाकडे पीए असायचा. पत्रं, हिशोब, भेटीच्या वेळा, फोन हे सगळं ती माणसं बघायची. व्हर्च्युअल असिस्टंट हेच काम करतो, फक्त ऑफिसात न जाता इंटरनेटवरून. ग्राहक त्याच तालुक्यातला असू शकतो, मुंबईचा असू शकतो, दुबई किंवा लंडनचाही असू शकतो.

यात एक फरक पहिल्यापासून लक्षात ठेवायला हवा. ही नोकरी नाही, स्वतःचा छोटा व्यवसाय आहे. पगारी रजा नाही, पीएफ नाही, महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होईल याची खात्री नाही. ग्राहक मिळवणं, दर ठरवणं, बिल पाठवणं आणि पैसे वसूल करणं हे सगळं स्वतःलाच बघावं लागतं. हे ज्याला आधी कळलं, तो टिकतो.

कोणती कामं मिळतात?

- ईमेल आणि भेटीच्या वेळा : आलेले मेल वाचून लावणं, साध्या मेलला उत्तर देणं, कॅलेंडरमध्ये मीटिंग टाकणं, आदल्या दिवशी आठवण करून देणं.
- एक्सेल किंवा गुगल शीटमधली नोंद : पावत्या, स्टॉक, ग्राहकांची यादी, उधारी-वसुलीचा तक्ता.
- ग्राहकांना उत्तरं : व्हॉट्सॲप बिझनेस, फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर आलेल्या चौकशीला उत्तर देणं, ऑर्डर लिहून घेणं.
- सोशल मीडिया : कॅनव्हासारख्या ॲपवर पोस्ट बनवणं, ठरल्या वेळी टाकणं.
- ऑनलाईन दुकान : मालाचे फोटो, वजन, किंमत, वर्णन भरणं, ऑर्डर आणि परत आलेल्या मालाची नोंद ठेवणं.
- माहिती शोधणं : दहा पुरवठादारांचे भाव काढून एका तक्त्यात मांडणं, प्रवासाची तिकिटं आणि हॉटेल बघणं.
- मराठीचं काम : रेकॉर्डिंग ऐकून टाईप करणं, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणं, इंग्रजी माहिती सोप्या मराठीत लिहिणं.

शेवटच्या कामात गावाकडच्या मुला-मुलींचं पारडं जड आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर मोबाईलवर किंवा वेबसाईटवर नीट दिसत नाही, तो युनिकोडमध्ये आणावा लागतो. सॉफ्टवेअरनं तो बदलला तरी जोडाक्षरं आणि रफार चुकतात. ते डोळ्यांनी तपासणारा, शुद्ध मराठी लिहिणारा माणूस लागतोच.

कोणाला जमेल?

इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. इंग्रजी फाडफाड बोलता यायलाच हवं, असंही नाही. तालुक्यातल्या किंवा राज्यातल्या ग्राहकाचं काम मराठीत होतं. परदेशी ग्राहकासाठी मात्र मेल वाचून समजणं आणि चार वाक्यांचं स्वच्छ उत्तर लिहिता येणं गरजेचं आहे.

त्याहून महत्त्वाच्या तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे शब्द पाळणं. पाच वाजता देतो म्हटलं तर पाचला द्यायचं, आणि जमणार नसेल तर तीन वाजताच कळवायचं. दुसरी म्हणजे बारकाई. फोन नंबरमधला एक आकडा चुकला तरी ग्राहकाचं गिऱ्हाईक जातं. तिसरी म्हणजे तोंड बंद ठेवणं. दुसऱ्याचा हिशोब, पेशंटची नावं, कोर्टाची कागदपत्रं हाताखालून जातात. त्याची चर्चा पारावर झाली, की काम संपलं म्हणून समजावं.

सामान काय लागतं?

लॅपटॉप : ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप या कामाला पुरतो. जुना घेतला तरी चालतो, पण बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानातच बसून बघावं आणि पक्कं बिल घ्यावं. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा लॅपटॉप चोरीचा निघाला तर डोक्याला ताप होतो.

लॅपटॉप नसेल तर : व्हॉट्सॲप बिझनेस, कॅनव्हा आणि गुगल शीट मोबाईलवरही चालतात. मोबाईलला ब्लूटूथ कीबोर्ड जोडून पहिलं छोटं काम करता येतं. मोठं काम मोबाईलवर होत नाही, पण आपल्याला हे जमतंय का, हे कर्ज काढण्याआधी कळतं. मुद्रा योजनेतल्या शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे. तरीही ग्राहक हातात नसताना हप्ता डोक्यावर घेणं शहाणपणाचं नाही.

नेट : दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवावीत. गावात एका कंपनीचा टॉवर बंद पडला तर दुसऱ्याचा हॉटस्पॉट चालतो. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण अर्धा ते दीड जीबी डेटा जातो, त्यानुसार रिचार्ज बघावा. गावात फायबर आलं असेल तर ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात कनेक्शनची चौकशी करावी.

लाईट : लॅपटॉपला बॅटरी असते, पण लाईट गेली की राऊटर बंद पडतो. राऊटरसाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो, तो बसवला की नेट चालू राहतं. महावितरणची देखभालीची सुट्टी ज्या दिवशी असते, त्या दिवशीचं काम आदल्या दिवशी उरकावं किंवा ग्राहकाला आधी सांगून ठेवावं. "लाईट नव्हती" हे कारण काम बुडाल्यावर सांगितलं तर कोणी ऐकत नाही. आधी सांगितलं तर बहुतेक ग्राहक समजून घेतात.

शिकायचं कुठं?

हजारो रुपये भरून "व्हीए कोर्स" करण्याची सुरुवातीला काही गरज नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात लिबर ऑफिससारख्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही आहेत आणि ते मोफत आहेत. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर मोफत अभ्यासक्रम मिळतात. हबस्पॉट अकॅडमीवर ईमेल आणि सोशल मीडियाचे मोफत कोर्स आहेत, पण ते इंग्रजीत.

टायपिंगचा वेग वाढवणं हा सगळ्यात स्वस्त फायदा आहे. राज्य परीक्षा परिषदेच्या ३० किंवा ४० शब्द प्रतिमिनिट टायपिंगची तयारी ज्यांनी केली आहे, त्यांचा पाया तयार आहे. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकून घेतला तर कोणत्याही कॉम्प्युटरवर युनिकोड मराठी लिहिता येते.

पहिले तीन महिने असे लावावेत

पहिला महिना, हात बसवण्याचा : जीमेल, गुगल कॅलेंडर, गुगल ड्राईव्ह आणि शीट व्यवस्थित शिकणं. जीमेल खात्याबरोबर १५ जीबी जागा फुकट मिळते, सरावाला ती भरपूर झाली. शीटमध्ये बेरीज, गाळणी, क्रमवारी आणि दोन याद्या जुळवणं एवढं आलंच पाहिजे.

दुसरा महिना, नमुने बनवण्याचा : ग्राहक विचारतो, "आधी काय केलंय?" त्यावर दाखवायला तीन नमुने हवेत. घरच्या किराणा दुकानाचा उधारीचा तक्ता, भावाच्या दूध डेअरीच्या नोंदी, बचत गटाच्या मसाल्यांचा व्हॉट्सॲप कॅटलॉग अशी खरी कामं करून बघावीत. नमुना दाखवताना खरी नावं आणि नंबर काढून टाकावेत.

तिसरा महिना, विचारण्याचा : रोज दोन जणांना कामाबद्दल विचारायचं, असा नियम करावा. दहा जण नाही म्हणतील, काही जण उत्तरच देणार नाहीत. इथंच बरेच जण थांबतात. महिना पूर्ण होईपर्यंत विचारणं सोडू नये.

पहिला ग्राहक तालुक्यातच शोधावा

अमेरिकेतला ग्राहक शोधण्याआधी तालुक्याच्या बाजारपेठेत एक चक्कर मारावी. दवाखाने, वकील, सीए, क्लासेस, मंगल कार्यालयं, शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी पर्यटन केंद्रं, कोकणातले होमस्टे आणि आंबा बागायतदार, नाशिककडचे द्राक्ष उत्पादक, येवल्याचे पैठणीवाले, उमेदचे महिला बचत गट या सगळ्यांकडे रोज फोन आणि मेसेज येतात. उत्तर द्यायला माणूस नसतो. हंगामात तर बागायतदार झाडाखाली असतो आणि मोबाईलवर चाळीस मेसेज पडून असतात.

या लोकांना "मी व्हर्च्युअल असिस्टंट आहे" असं सांगून काही कळणार नाही. त्यांची अडचण सांगावी. उदाहरणार्थ असा मेसेज :

"डॉक्टरसाहेब, नमस्कार. गुगल मॅपवर आपल्या दवाखान्याची वेळ जुनी दिसते आणि फोन नंबर बंद लागतो. ते मी दुरुस्त करून देऊ शकते. तसंच पेशंटचे नंबर व्हॉट्सॲपवर घेणं, आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज पाठवणं हे काम मी घरून रोज दोन तास सांभाळेन. पहिला आठवडा बघा, पटलं तर महिन्याचं ठरवू. उद्या पाच मिनिटं भेटायला येऊ का?"

यात काय करणार, किती वेळ देणार आणि पुढं काय, हे तिन्ही स्पष्ट आहे. व्हॉट्सॲप बिझनेस ॲप मोफत आहे. त्यात कॅटलॉग, तयार उत्तरं, बंद वेळेतला आपोआप जाणारा मेसेज आणि ग्राहकांना लेबल लावायची सोय आहे. एवढं नीट लावून दिलं तरी छोट्या व्यावसायिकाला फरक दिसतो.

पहिला आठवडा कमी पैशात करायला हरकत नाही. पण फुकट काम एका मर्यादेपुरतंच. "आधी महिनाभर करून दाखव, मग बघू" म्हणणारा ग्राहक पुढंही बघतच राहतो.

ऑनलाईन प्लॅटफॉर्मवर काम

अपवर्क, फायव्हर आणि फ्रीलान्सर ही जगभर चालणारी प्लॅटफॉर्म आहेत. अपवर्कवर ग्राहक काम टाकतो आणि काम करणारे अर्ज करतात. अर्जासाठी 'कनेक्ट्स' नावाचे टोकन लागतात, म्हणून दिसेल त्या कामाला अर्ज टाकू नये. फायव्हरवर उलटं असतं. काम करणारा आपली सेवा आणि दर मांडून ठेवतो, ग्राहक निवडतो. फायव्हर कमाईतले २० टक्के कापून घेतं. म्हणजे ५० डॉलरच्या कामाचे हातात ४० डॉलर येतात आणि रुपयांत बदलताना आणखी थोडे कमी होतात. दर लावताना हा हिशोब आधीच धरावा.

इथं फिलिपिन्सपासून केनियापर्यंतची माणसं स्पर्धेत असतात. म्हणून "सगळी कामं करतो" असं लिहिण्याऐवजी एकच काम नेमकं लिहावं. "मराठी आणि हिंदी रेकॉर्डिंग ऐकून टाईप करून देते" असं लिहिणाऱ्याला स्पर्धा कमी आणि काम मिळण्याची शक्यता जास्त असते. प्रोफाईलवर स्वतःचा खरा फोटो आणि आधार-पॅनवरचंच नाव ठेवावं, कारण पुढं ओळखपत्र मागितलं जातं.

प्लॅटफॉर्मवर मिळालेल्या ग्राहकानं "बाहेर ये, कमिशन वाचेल" म्हटलं तर नाही म्हणावं. ते नियमाविरुद्ध आहे, खातं बंद होऊ शकतं आणि पैसे बुडाले तर तक्रारीला जागा राहत नाही.

वेळेचं गणित आधी घरात सांगावं

परदेशी ग्राहक म्हणजे वेळ त्यांची. सकाळी ९ वाजता त्यांचं ऑफिस सुरू होतं तेव्हा भारतात किती वाजलेले असतात, ते असं :

- दुबई : सकाळी १०.३०
- लंडन : उन्हाळ्यात दुपारी १.३०, हिवाळ्यात २.३०
- न्यूयॉर्क : उन्हाळ्यात संध्याकाळी ६.३०, हिवाळ्यात ७.३०
- सिडनी : आपल्याकडे पहाटेचे ३.३० किंवा ४.३०

गावातल्या घरात संध्याकाळी साडेसहा म्हणजे दिवेलागण, स्वयंपाक, जनावरांची धार आणि मुलांचा अभ्यास. नेमका त्याच वेळी अमेरिकेचा कॉल आला तर ओढाताण होते. त्यामुळे घरची जबाबदारी असलेल्या महिलेला दुबई किंवा आपल्याच देशातला ग्राहक सोयीचा पडतो. दुसरा मार्ग म्हणजे थेट बोलण्याची गरज नसलेलं काम घेणं. "सकाळपर्यंत तक्ता तयार हवा" असं काम कधीही करता येतं.

दर कसा ठरवायचा?

शेजारचा किती घेतो यावरून नव्हे, आपल्या तासांवरून दर काढावा. एक उदाहरण बघा. समजा महिन्याला घरात १२,००० रुपये यायला हवेत. नेट, वीज आणि लॅपटॉपच्या दुरुस्तीसाठी २,००० बाजूला ठेवले तर लागतात १४,०००. रोज ४ तासांप्रमाणे २५ दिवसांत १०० तास होतात. पण ग्राहक शोधणं, बिल करणं, शिकणं यात ३० तास जातात आणि पैसे देणारे तास उरतात ७०. म्हणजे तासाचा दर २०० रुपये येतो. त्याखाली गेलं, तर दिवसभर काम करूनही महिनाअखेर हातात कमीच पडणार.

तासाचा दर, कामाचा दर आणि महिन्याची ठरावीक रक्कम असे तीन प्रकार असतात. नेहमीच्या ग्राहकाबरोबर महिन्याची रक्कम ठरवावी, पण तास लिहून घ्यावेत. नाहीतर "एवढं जरा करून दे" म्हणत दोन तासांचे चार तास होतात.

काम सुरू करण्याआधी व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर पाच गोष्टी लेखी घ्याव्यात : काम कोणतं, दिवसाला किती तास, दर किती, पैसे कोणत्या तारखेला आणि काम थांबवायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. ओळखीचा माणूस असला तरी लिहून घ्यावं. ओळखीतच पैसे मागायला जड जातं. नवीन ग्राहकाकडून निम्मे पैसे आधी घेणं किंवा दर आठवड्याला हिशोब करणं बरं.

पैसे, बँक आणि कर

भारतातल्या ग्राहकाकडून यूपीआय किंवा बँक ट्रान्सफरनं पैसे घ्यावेत. या कमाईसाठी वेगळं खातं ठेवलं तर हिशोब सोपा होतो. घरातल्या महिलेचं काम असेल तर खातं आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर तिच्याच नावावर असावा.

परदेशातून पैसे येण्यासाठी पेपाल, पेओनियर अशा सेवा वापरल्या जातात. पॅन आणि बँक खातं जोडावं लागतं, पैसे कशाचे आले याचं कारणही नोंदवावं लागतं. पेपालनं भारतातल्या भारतात पैसे देण्याची सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली आहे, त्यामुळे ते फक्त परदेशी ग्राहकासाठी कामाचं. परदेशी रक्कम जमा झाल्याचा दाखला जपून ठेवावा.

प्रत्येक कामाचं बिल करावं. त्यात बिल नंबर, तारीख, दोघांची नावं, काम, तास, दर आणि एकूण रक्कम असावी. कंपनीनं टीडीएस कापला तर तो आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएसमध्ये दिसतो, आणि रिटर्न भरल्यावर जादा कापलेली रक्कम परत मिळू शकते. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या अशा नेहमीच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं तर कर शून्य असला तरी रिटर्न भरावा लागतो. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे, त्यासाठी एजंटला हजार-दोन हजार देऊ नयेत.

ग्राहकाची माहिती म्हणजे दुसऱ्याची तिजोरी

ग्राहकाचा पासवर्ड वहीत किंवा व्हॉट्सॲपवर लिहून ठेवू नये. जीमेलमध्ये पासवर्ड न देता दुसऱ्याला मेल हाताळायची परवानगी देण्याची सोय आहे, ग्राहकाला तीच सुचवावी. बँकेचा ओटीपी तर मागूही नये आणि कोणी दिला तरी घेऊ नये. उद्या खात्यात गडबड झाली तर संशय पहिला आपल्यावर येतो. लॅपटॉपला पासवर्ड असावा, मुलांच्या गेमसाठी वेगळं लॉगिन असावं. काम संपलं की फाईली परत करून आपल्याकडच्या प्रती पुसाव्यात. माणसांच्या खासगी माहितीबाबत देशात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, हेही ध्यानात असू द्यावं.

फसवणूक अशी ओळखा

- काम देण्याआधी पैसे : रजिस्ट्रेशन, किट, ट्रेनिंग, डिपॉझिट, नाव काहीही असो. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.
- फॉर्म भरण्याचं काम आणि दंड : सात दिवसांत शेकडो फॉर्म भरायला देतात. शेवटी "चुका निघाल्या, करार मोडला, दंड भरा, नाहीतर केस" असं सांगतात. वकिलाच्या नावानं नोटीसही येते. घाबरून पैसे भरू नयेत, भरले की मागणी वाढत जाते.
- लाईक आणि रिव्ह्यूचं 'टास्क' : टेलिग्रामवर सुरुवातीला शे-दीडशे रुपये खरोखर देतात. मग "जास्त कमाईसाठी आधी भरा" म्हणतात. आकडा स्क्रीनवर वाढत दिसतो, हातात काहीच येत नाही.
- खातं भाड्यानं : "तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून पुढं पाठवा." हे पैसे बहुतेक दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचे असतात. खातं गोठतं आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.
- प्रोफाईल भाड्यानं : "तुमचं अपवर्कचं खातं आम्हाला वापरू द्या." नाव आपलं, कृत्य दुसऱ्याचं.
- 'डिजिटल अरेस्ट' : व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. फोन कट करावा.

पैसे गेलेच तर लाजेनं गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या हेल्पलाईनवर फोन करावा आणि बँकेला कळवावं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त. चॅट, नंबर आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट पुसू नयेत. घरच्यांनीही अशा वेळी ओरडण्याआधी फोन लावायला मदत करावी. बऱ्याचदा घरात कळेल या भीतीनंच दोन दिवस जातात आणि तेवढ्यात पैसे पुढं निघून जातात.

घरात बसलेली व्यक्ती रिकामी नसते

या कामातली सगळ्यात मोठी अडचण नेटची नाही, घराची आहे. लॅपटॉप घेऊन बसलेली सून किंवा मुलगा हा "घरीच तर आहे" म्हणून गणला जातो. पाहुणे आले, गिरणीत जायचं आहे, गॅस आला, प्रत्येक वेळी उठावं लागतं. तिकडे ग्राहक उत्तराची वाट बघत असतो.

यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच घरात बसून वेळ ठरवणं. दुपारी १ ते ४ म्हणजे कामाची वेळ, जशी शाळेतल्या बाईंची असते तशी. बसायची जागा ठरलेली असावी, मग ती माळवदावरची खोली असो किंवा देवघराशेजारचा कोपरा. पहिली कमाई छोटी का असेना, घरच्यांना दाखवावी. खात्यावर आलेला पैसा दिसला की दुपारचे तीन तास मोकळे सोडायला घर तयार होतं.

एआयमुळे हे काम संपेल का?

चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आलं, आणि तेव्हापासून नुसतं टाईप करून देण्याच्या कामाला उतरती कळा लागली आहे. फक्त डाटा एंट्रीवर भरवसा ठेवून यात उतरू नये. पण यंत्रानं लिहिलेलं तपासणं, गिऱ्हाईकाला समजावणं, उधारी मागताना शब्द सांभाळणं, आंब्याची पेटी वेळेत निघाली का हे दोन फोन करून बघणं याला माणूस लागतो. एआय वापरायचंच असेल तर ग्राहकाला विचारून वापरावं आणि त्यात ग्राहकाची नावं, नंबर, हिशोब टाकू नयेत.

हातातली नोकरी सोडावी का?

लगेच नाही. दुकानातली, क्लासमधली किंवा सेवा केंद्रातली नोकरी असेल तर ती सांभाळून रोज दोन तास हे काम करावं. सलग सहा महिने ठरलेली रक्कम येत असेल आणि किमान दोन ग्राहक असतील, तेव्हाच विचार करावा. एकाच ग्राहकावर घर चालवणं धोक्याचं असतं, कारण तो गेला की महिन्याची सगळी कमाई थांबते.

थोडक्यात लक्षात ठेवा

- कामासाठी कोणालाही आधी पैसे देऊ नका.
- पहिला ग्राहक तालुक्यात शोधा, नंतर बाहेर.
- एकच काम निवडा आणि त्यात पक्के व्हा.
- दर आपल्या तासांवरून काढा, ठरलेलं लेखी घ्या.
- दोन सिम आणि राऊटरला बॅकअप ठेवा.
- बँक खातं, ओटीपी आणि प्रोफाईल कोणालाही वापरायला देऊ नका.
- फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा.